जुनी सायकल सुधारावी कीं नवी घ्यावी?

आजचा विषय मोठा नाहीं. पण तो अनेक घरांच्या जिन्याखालीं धूळ खात उभा आहे, म्हणून त्यावर चार शब्द बोलावेसे वाटले.

माझा भाचा गेल्या जूनमध्यें वाईहून पुण्यास शिकावयास आला व आमच्याच घरीं राहूं लागला. कॉलेज घरापासून अकरा किलोमीटर. बसनें जावयाचें तर मध्यें एकदां बस बदलावी लागते, आणि दुसरी बस वेळेवर मिळेलच असा भरंवसा नाहीं. माझे मेहुणे शेतकरी आहेत. त्यांनीं हळदीच्या पट्टींतून पंधरा हजार रुपये बाजूस काढून माझ्या हातीं दिले व म्हणाले, "मास्तर, पोराला जायला-यायला चांगलीशी सायकल बघा. उरले तर परीक्षेच्या फीला होतील." पैसे आपले असते तर मी कदाचित् इतका खल केला नसता.

भाच्यानें मात्र आपला निर्णय आधींच करून ठेवला होता. त्याला दुकानांत एक माउंटन बाइक, म्हणजे डोंगरी सायकल, आवडली होती. मनगटाएवढे जाड व गांठीगांठीचे टायर, पुढच्या चिमट्यांत स्प्रिंगा, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि एकवीस गिअर. किंमत १६,५०० रुपये. वरचे दीड हजार मामानें घालावेत, असा बेत. इकडे आमच्या जिन्याखालीं माझ्या मुलाची २०१२ सालीं घेतलेली हायब्रिड सायकल उभी होती. मुलगा नोकरीसाठीं बंगळुरास गेल्यापासून पांच वर्षांत तिला कोणी हात लावलेला नव्हता. मीं ती सुचवितांच भाचा म्हणाला, "मामा, तिला साधे शॉकअपसुद्धां नाहींत!"

हायब्रिड म्हणजे संकरित. शर्यतीच्या सायकलीचीं मोठीं, हलकीं चाकें व डोंगरी सायकलीचें सरळ हँडल यांचा हा संकर होय. टायर मध्यम जाडीचे, पुढचा चिमटा बहुधा साधा व ताठ, बसण्याची ढब जरा उभी. शहरांतील डांबरी रस्त्यासाठीं व क्वचित् कच्च्या वाटेसाठीं ती केलेली असते. डोंगरी सायकलीचा जन्म निराळ्या कारणानें झाला, आणि ती हकीकत मीं भाच्याला मुद्दाम सांगितली.

अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानांतील मरीन परगण्यांत टॅमलपायस नांवाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकांत तेथील कांहीं तरुणांना त्या भागांतील कच्च्या उतारांवरून भरधांव सायकली सोडण्याचा नाद लागला. त्यांच्या सायकली कोणत्या? तर १९३० ते १९५० च्या दरम्यानच्या, जाड टायरांच्या, भंगारांतून आणलेल्या. पेडल उलटें दाबलें कीं मागच्या चाकाच्या तुंब्यांतला ब्रेक लागे. उतरतांना तो इतका तापे कीं आंतलें ग्रीस जळून त्याचा धूर होई, व खालीं आल्यावर तुंबा उघडून पुन्हां ग्रीस भरावें लागे. पुन्हां भरणें म्हणजे इंग्रजींत 'रीपॅक'; म्हणून त्या उतारालाच रीपॅक हें नांव पडलें. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं तेथें पहिली शर्यत झाली. या मंडळींनीं जुन्या सांगाड्यांना गिअर व बरे ब्रेक बसविले. पुढें १९७७ मध्यें जो ब्रीझ यानें याच कामासाठीं नवा सांगाडा घडविला. १९७९ मध्यें गॅरी फिशर व चार्ली केली यांनीं अशा सायकली विकण्याचा धंदा सुरू केला. आणि १९९६ च्या अॅटलांटा ऑलिंपिकमध्यें ही शर्यत खेळली गेली. म्हणजे ज्या डोंगरी सायकलीपुढें आमच्या जिन्याखालची जुनी सायकल भाच्याला हिणकस वाटली, ती स्वतः जुन्या सायकली सुधारूनच जन्मास आली. स्प्रिंगांचे चिमटे तर पुढें १९९० च्या सुमारास बाजारांत आले. त्या आधींचीं पंधरा वर्षें हे लोक ताठ चिमट्यांनींच डोंगर उतरत होते.

भाचा हंसला, पण पटलें नाहीं. तेव्हां आम्हीं दुकानांत जाऊन ती नवी सायकल नीट पाहिली.

किंमत ठरलेली असली म्हणजे कारखानदारानें एका जागीं घातलेला पैसा दुसऱ्या जागेवरून काढावा लागतो. स्प्रिंगांचा चिमटा, दोन डिस्क व जाड टायर हे ग्राहकाला दुरून दिसतात. चाकांतील छर्रे, तुंबे, आंस व तारा दिसत नाहींत. त्यामुळें स्वस्त गाडींत दिसणाऱ्या वस्तू असतात, पण त्या ज्या प्रतीच्या असावयास हव्या त्या प्रतीच्या नसतात. चिमट्याचेंच उदाहरण घ्या. स्प्रिंग दाबली कीं ती तितक्याच जोरानें उलट उसळते. ही उसळी आवरण्यासाठीं चांगल्या चिमट्यांत तेलाचा अडसर असतो. तेल बारीक छिद्रांतून हळूहळू जातें, व स्प्रिंग सावकाश मागें येते. स्वस्त चिमट्यांत बहुधा हा अडसर नसतो, नुसती स्प्रिंग असते. खड्ड्यांत ती दबते आणि बाहेर येतांना हँडलाला धक्का देते. चढावर उभें राहून पेडल मारूं लागलें कीं पुढचा भाग खालींवर नाचतो, व पायांच्या जोराचा कांहीं अंश त्या नाचण्यांत जातो. शिवाय या चिमट्याचें वजन अडीच किलोच्या आसपास, कधीं अधिकच. आणि चार पावसाळ्यांत पाणी आंत शिरलें कीं तो गंजतो. ताठ चिमट्यांत नासण्याजोगें कांहींच नसतें.

वजनाबद्दल लोक मोठमोठ्या गोष्टी बोलतात, म्हणून तें मीं हिशेबानेंच पाहिलें. दुकानदाराच्या कांट्यावर नवी सायकल सतरा किलो भरली. आमची जुनी तेरा. भाचा साठ किलोचा. म्हणजे चढावर एकदां त्र्याहत्तर किलो वर न्यावयाचे व एकदां सत्याहत्तर. फरक शेंकडा साडेपांच. हा फरक आहे, पण केवळ त्यासाठीं सायकल नाकारावी इतका नाहीं. खरा फरक टायरांत आहे. टायर जमिनीवर टेंकतो तेथें तो दबतो, व पुढें सरकला कीं पुन्हां फुगतो. या दबण्या-फुगण्यांत रबर तापतें आणि आपली शक्ति खर्च होते. मातींत व सुट्या दगडांत त्या गांठी रुततात, पकड देतात, तेथें त्या हव्याच. पण गुळगुळीत डांबरावर प्रत्येक गांठ वाकते, सरळ होते, आणि 'घुर्र' असा आवाज करते. तो आवाज आपल्याच पायांतून निघालेला असतो. रोज बावीस किलोमीटर, महिन्याचे चोवीस दिवस, हें ओझें कशासाठीं ओढावयाचें? भाच्याच्या वाटेवर खड्डे आहेत, गतिरोधक आहेत, पण डोंगर नाहीं.

तो म्हणाला, "पण मामा, रविवारीं सिंहगड?" प्रश्न रास्त होता. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच. सिंहगड १,३०० मीटरांहून थोडा अधिक. पण गडावर मोटारीचा रस्ता जातो, आणि मुलें सायकली नेतात त्या याच रस्त्यानें. तेव्हां तेथेंहि प्रश्न गांठींचा नसून गिअरांचा आहे. ज्यांच्याजवळ कागद-पेन्सिल असेल त्यांनीं हा हिशेब करून पाहावा. पुढच्या चक्राच्या दांत्यांना मागच्या चक्राच्या दांत्यांनीं भागावें, आणि आलेल्या अंकानें चाकाचा परीघ गुणावा. म्हणजे पेडलाच्या एका फेऱ्यांत सायकल किती पुढें जाते तें कळतें. हें अंतर जितकें कमी, तितका चढ सोपा. दुकानांतल्या नव्या सायकलीचें पुढचें सर्वांत लहान चक्र चोवीस दांत्यांचें व मागचें सर्वांत मोठें अठ्ठावीसचें. परीघ सुमारें २.१७ मीटर, अंतर आलें १.८६ मीटर. आमच्या जुनीचीं पुढचें व मागचें दोन्ही अठ्ठावीसचीं, परीघ जवळजवळ तोच, अंतर २.१७ मीटर. येथें नवी सरस ठरली. भाच्याचा चेहरा खुलला. पण मागें चौतीस दांत्यांचें फ्रीव्हील घातलें, तर जुनीचें अंतर १.७९ मीटरांवर येतें, आणि असें फ्रीव्हील आठशें रुपयांस मिळतें. मागचा गिअर बदलणारा सांधा लांब पायाचा असला पाहिजे, व साखळी थोडी लांब घ्यावी लागते, एवढ्या दोनच अटी.

परीघाच्या बाबतींत एक गंमत आहे. नव्या सायकलीची रिम लहान, पण टायर जाड. जुनीची रिम मोठी, टायर बारीक. म्हणून बाहेरून दोन्ही चाकें सारखींच भरतात. टायर आणतांना मात्र या मापांनीं फार घोटाळा होतो. टायरच्या कडेला ३७-६२२ अशासारखा आंकडा छापलेला असतो. पहिला आंकडा टायरची जाडी व दुसरा रिमेवर टायर बसतो तेथील व्यास, दोन्ही मिलिमीटरांत. हायब्रिडचें ७०० चें चाक आणि हल्लींचें '२९ इंची' चाक हीं दोन्ही ६२२ च आहेत. उलट आपल्या जुन्या काळ्या सायकलीचें '२८ इंची' चाक ६३५ आहे, व त्याचा टायर हायब्रिडला बसत नाहीं. इंचांवर विश्वास ठेवून मीं एकदां दुकानांत दोन फेऱ्या केल्या आहेत.

इतकें झालें तरी जुनी सायकल सुधारावी असा निकाल लगेच देतां येत नाहीं. आधीं सांगाडा तपासला पाहिजे. येथें मला माझा एक मूर्खपणा सांगावा लागतो. २००९ सालीं एका ओळखीच्या गृहस्थाकडून मीं अॅल्युमिनियमची एक वापरलेली सायकल दोन हजारांस घेतली, आणि नवीं चाकें, नवें सीट, नवे ब्रेक असे चार हजार रुपये तिच्यावर खर्च केले. ती चालतांना कुरकुरे. मीं तेल घालीत राहिलों. तीन महिन्यांनीं एके सकाळीं, घराजवळच, हँडलाखालचा जोड तुटला. वेग अगदीं कमी होता, म्हणून कोंपर सोलण्यावर निभावलें. ती कुरकुर म्हणजे जोडाची चीर होती. हीच गोष्ट घाटाच्या उतारावर घडती, तर आज हें भाषण करावयास मी नसतों.

म्हणून या वेळीं आम्हीं जुनी सायकल प्रथम साबणानें धुतली व उन्हांत ठेवून तिचे सर्व जोड पाहिले : हँडलाखालचा, सीटखालचा, पेडलांच्या आंसाजवळचा, आणि मागचें चाक बसतें तेथील. रंगांत केंसासारखी रेघ दिसली तर तिच्यावरून नख फिरवावें. नख अडकलें तर ती चीर समजावी. बाजूनें पाहून चिमटा मागें वांकलेला नाहीं ना हेंहि पाहावें. सीटची दांडी वरखालीं होते कीं गंजून जाम झाली आहे, हें ओढून पाहावें. सांगाडा पोलादी असेल व चीर लहान असेल तर चांगला कारागीर ती पितळेनें सांधूं शकतो. अॅल्युमिनियमला कारखान्यांत उष्णतेनें दिलेलें बळ वेल्डिंगच्या आंचेनें त्या जागीं नाहींसें होतें. म्हणून अॅल्युमिनियमच्या सांगाड्यास चीर दिसली कीं ती सायकल संपली. तेथें एक रुपयाहि घालूं नये, व नवीच घ्यावी. शिवाय मुलाच्या उंचीस सांगाडा जमत नसेल, तरीहि नवीच बरी. आमचा सांगाडा निर्दोष निघाला, आणि माझा मुलगा व भाचा उंचीनें सारखेच.

त्यानंतर साखळी. हें माप कोणत्याहि घरांत शाळेच्या फुटपट्टीनें घेतां येतें. साखळींतील एका खिळ्यापासून पुढच्या खिळ्यापर्यंतचें अंतर नेमकें अर्धा इंच असतें. म्हणजे चोवीस अंतरें बरोबर बारा इंच भरलीं पाहिजेत. साखळी 'ताणली' असें आपण म्हणतों, परंतु धातु ताणला जात नाहीं. खिळे व त्यांची घरें झिजतात, आणि प्रत्येक सांध्यांतील केंसभर ढिलाई मिळून लांबी वाढते. बारा इंचांवर एक सोळांश वाढ झाली कीं साखळी बदलावी, तेवढ्यावर भागतें. एक अष्टमांश वाढेपर्यंत थांबलें तर त्या लांब साखळीनें मागच्या चक्राचे दांतेहि खाल्लेले असतात, व नवी साखळी त्यांवर घसरते. आमची साखळी अष्टमांशाच्याहि पुढें गेलेली होती. भाच्यानें तोंड वांकडें केलें. मला मात्र बरें वाटलें, कारण फ्रीव्हील बदलावयाचेंच होतें, तें चौतीसचें घेण्यास आतां कोणाची हरकत उरली नाहीं.

सुधारणेचा खरा धोका पुढेंच असतो. साखळी, टायर, तारा, ब्रेकचीं रबरें या झिजणाऱ्या वस्तू आहेत. त्या बदलल्या म्हणजे सायकल पुन्हां पूर्वीसारखी होते. पण "आलोंच आहों तर" असें म्हणत माणूस पुढें गेला कीं त्याला थांग लागत नाहीं. भाच्याला नऊ चक्रांचा गिअर हवासा वाटला. तो आमच्या तुंब्यावर बसत नाहीं. म्हणजे तुंबा बदला, तुंबा बदलावयाचा तर चाकच नवें घ्या, मग गिअरचे खटके बदला. डिस्क ब्रेक हवा असेल तर सांगाड्यावर व चिमट्यावर तो धरून ठेवणारे कान पाहिजेत. ते आमच्या सायकलीला नाहींत. या वाटेनें गेलें असतें तर नव्या सायकलीची किंमत जुन्या सांगाड्यावर खर्ची पडली असती. सर्व खर्च नव्या गाडीच्या किंमतीच्या अर्ध्यापुढें जाऊं लागला कीं हात आवरावा, असा माझा ठोकताळा आहे.

ब्रेकच्या बाबतींत मात्र मीं भाच्याला जें कबूल केलें तें आपल्यालाहि सांगतों. आमच्या सायकलीला रिमेवर दाबणारे ब्रेक आहेत. लांब भुजांचा हा प्रकार शिमानो कंपनीनें १९९६ मध्यें आणला. रबर नवें असलें कीं कोरड्या रस्त्यावर तो उत्तम लागतो. पावसांत पहिला क्षणभर रबर रिमेवरचें पाणी पुसण्यांतच जातो, आणि चिखलांतील रेती रिम घांसते. डिस्क वर, मध्यभागीं असते; तिला पाणी व चिखल कमी लागतो. स्वस्त डिस्क ब्रेक वारंवार जुळवून घ्यावा लागतो, घासूं लागतो, हें खरें. पण पावसाळ्यांत रोज घाट उतरणाऱ्यानें डिस्कच घ्यावी. आणि ज्याला रस्ता सोडून खरोखरच दगडधोंड्यांतून जावयाचें आहे, त्यानें दोन्हींचा नाद सोडून पैसे साठवावे व पुढें चांगल्या प्रतीची डोंगरी सायकल घ्यावी. स्वस्त गाडी त्या वाटेवर फार दिवस टिकत नाहीं.

शेवटीं आमच्या पेठेंतील कारागिराकडे सायकल दिली. सर्व सांधे खोलून, छर्रे बदलून, नवें ग्रीस भरण्याच्या कामाला तेथें 'ओव्हरऑइलिंग' म्हणतात. मूळ इंग्रजी शब्द निराळा आहे. पण तेल हातानें घालणाऱ्या माणसाला हा शब्द अधिक जवळचा वाटला, यांत नवल नाहीं. त्यानें दोन्ही चाकांचा आऊट काढला, आणि एक तार तुटकी होती ती न सांगतां बदलली. खर्च असा आला : टायर दोन, १,७००, ट्यूबा ५००, साखळी ५५०, फ्रीव्हील ८००, ब्रेकचीं रबरें ४००, सर्व वायरी ४५०, छर्रे, ग्रीस व मजुरी १,५००. एकूण ५,९०० रुपये. त्याशिवाय मडगार्ड, पुढचा-मागचा दिवा व कुलूप मिळून १,६००. हे नव्या सायकलीलाहि वेगळे घ्यावेच लागले असते. मेहुण्यांच्या पंधरा हजारांतले साडेसात हजार उरले, ते मीं त्यांना फोन करून कळविलें. ते थोडा वेळ कांहीं बोललेच नाहींत, मग म्हणाले, "जुनीच दिली म्हणून पोरगं नाराज नाहीं ना?"

नाराज होता. पहिले आठ दिवस तो सायकल कॉलेजांत मागच्या बाजूस लावी. दसऱ्यानंतरच्या एका रविवारीं चार मित्र सिंहगडास गेले, त्यांत दोघांच्या सायकली त्या दुकानांतल्यासारख्याच होत्या. दुपारीं परत आल्यावर मीं कांहीं विचारलें नाहीं. जेवतांना त्यानें आपणच सांगितलें कीं चढावर तो सर्वांच्या आधीं पोंचला, पण उतरतांना हात बधिर झाले, ब्रेक दाबून बोटें दुखलीं, आणि डिस्कवाले मित्र मजेंत पुढें निघून गेले. मीं सायकल पाहिली. नवीं रबरें एका उतारांतच बरीच झिजलीं होतीं. त्याला दोन्ही ब्रेक आळीपाळीनें दाबून रिम थंड होऊं देण्याची रीत दाखविली, आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वीं ओल्या रिमेवर धरणारीं जरा भारी रबरें आणून देण्याचें कबूल केलें. तो खर्च मेहुण्यांच्या पैशांतून करावयाचा नाहीं, असें आमचें दोघांचें ठरलें आहे.